दुरुस्त केलेला गोल

३ डिसेंबर, रविवार

नक्की झालं! शनिवारी त्रेन्चिनच्या मोठ्या आइस हॉकी क्लबचा माणूस येतोय. आमच्या मॅचला. आमच्या!

सराव संपल्यावर कोच स्रोकांनी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं — त्यांच्या ज्युनिअर संघाला जानेवारीपासून एक फॉरवर्ड हवाय. एकच. राहायला होस्टेल, शाळाही तिकडचीच. "उगाच छात्या फुगवू नका," म्हणाले, "तो कदाचित गोलकीपर बघायला येत असेल." पण बघत होते माझ्याकडे आणि टिमोकडे. सगळेच आमच्याकडे बघत होते. कामिल म्हणाला, "माझं नाव काढून टाका, मला आईच्या हातचंच लागतं." हसून हसून पुरेवाट.

आमची तिकडी म्हणजे मधे टिमो, डावीकडे मी, उजवीकडे कामिल. टिमो कॅप्टन. तो आणि मी बालवाडीपासूनचे. नीट चालता येत नव्हतं तेव्हा गोठलेल्या नदीवर खुर्ची ढकलत स्केटिंग शिकलो, एकाच खुर्चीला दोघं धरून.

घरी येताना म्हणाला, "तुला मिळालं तर मी खूश व्हायचं, मला मिळालं तर तू. ठरलं?" मी म्हटलं, ठरलं. मनात म्हटलं, देवा, मलाच मिळू दे. त्यानंही तेच म्हटलं असणार. त्यात काय!

मला जायचंय. लिहून ठेवतो म्हणजे नंतर भीती वाटली तर वाचता येईल. उन्हाळी शिबिरात पहिल्या आठवड्यात मी रोज रडलो होतो, घरी फोन करकरून बाबांचं डोकं खाल्लं होतं, ते टिमोशिवाय कोणालाच माहीत नाही. पण तेव्हा मी पंधराचा होतो. आता सोळाचा आहे. आता रडणार नाही. रडलो तरी जाईन.

५ डिसेंबर, मंगळवार

बाबांना काल सांगितलं. "वा!" म्हणाले. पाठ थोपटली. मग विचारलं, होस्टेलमध्ये एका खोलीत किती जण, जेवण कसं, सुट्टीला किती वेळा सोडतात. मला कुठे माहीत! म्हटलं, बाबा, आधी घेऊ तर देत. "हो, तेही खरंच," म्हणाले, आणि गिरणीतल्या नव्या फोरमनची गोष्ट सांगायला लागले. अर्धा तास. दिवसभर लाकूड कापायच्या मशीनपाशी कानाला झाकणं लावून उभे असतात ना, घरी आले की पट्टा सुरू. मी हं हं करत गणित सोडवत होतो. त्यांना चालतं.

शनिवारी माइकवर बाबाच असणार. गेली अकरा वर्षं आमच्या स्टेडियमवर गोल कोणी केला, शिक्षा कोणाला, मोटार चुकीच्या जागी कोणी लावली — सगळं बाबांच्या आवाजात. गावातल्या लग्नांतसुद्धा त्यांनाच बोलावतात. त्या माणसाला माझं नाव माझ्याच बाबांच्या तोंडून ऐकायला मिळणार!

६ डिसेंबर, बुधवार

मिकुलाशचा, म्हणजे संत निकोलसचा दिवस. खिडकीतल्या बुटात संत्री, चॉकलेट आणि स्टिकला गुंडाळायची पांढरी टेप. सोळा वर्षांचा घोडा झालो तरी बाबा बूट रिकामा ठेवत नाहीत.

९ डिसेंबर, शनिवार

आज काही लिहिणार नाही. लिहिलं तर कागद फाटेल.

१० डिसेंबर, रविवार

लिहितो. सगळं लिहितो, म्हणजे उद्या कोणी मला वेडा ठरवायला नको.

पहिलं सत्र, सातवं मिनिट. कामिलनं कठड्याच्या कडेनं चकती मागे टाकली, मला मिळाली, डावीकडून वळलो. टिमो गोलकीपरच्या नाकासमोर उभा होता, पाठ माझ्याकडे. मी मारली. त्याच्या दोन पायांमधून गेली, स्टिकला लागली नाही, पायाला लागली नाही, कशालाही लागली नाही! सरळ आत. टिमोच पहिला येऊन गळ्यात पडला, ओरडला, "काय हाणलीस रे!" आणि बाबांचा आवाज — "गोल! अकरा नंबर — मारोश बेन्युश!" 'बेन्युश' लांबवलं त्यांनी. नेहमीपेक्षा जास्त.

त्रेन्चिनचा माणूस तेव्हा आलेलाच नव्हता. दोनोवालीच्या घाटात ट्रक आडवा झालेला, त्यात अडकला बिचारा. म्हटलं हरकत नाही, बोर्डावर तर आहे.

मग पहिली विश्रांती. टिमो काचेमागच्या टेबलाशी गेला, जिथे बाबा माइक घेऊन बसतात. कॅप्टन आहे, जावं लागतं, कामिलला उगाच दोन मिनिटं बाहेर बसवलं होतं त्याबद्दल असेल असं मला वाटलं. काचेशी वाकून बाबांशी काहीतरी बोलत होता, मग रेफरीशी. मी आत गेलो, पाणी प्यायलो, मोजे ओढले. छान वाटत होतं मला. मूर्ख!

दुसरं सत्र सुरू व्हायला बर्फावर उतरलो आणि भोंग्यातून आलं — "दुरुस्ती. सातव्या मिनिटाचा गोल एकोणीस नंबर, टिमोतेय गाय्दोश. सहाय्य अकरा नंबर, मारोश बेन्युश."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चकती आपल्या स्टिकला लागून आत गेली असं कॅप्टननं रेफरीला सांगितलं की दुरुस्ती होते. नेहमी होते. आपल्या पोराला त्याचा गोल मिळावा म्हणून कॅप्टन जातो. हा स्वतःसाठी गेला! माझा गोल मागायला!

नजर मिळवली नाही त्यानं. पूर्ण सत्र.

त्रेन्चिनचा माणूस दुसऱ्या सत्राच्या मध्याला येऊन बसला, टोपीवर बर्फ तसाच. तिसऱ्या सत्रात टिमोनं खरा गोल केला, माझ्याच पासवर. हो, दिला पास. कारण तेव्हा संघाला जिंकायचं होतं आणि मी त्याच्यासारखा नाही. आम्ही जिंकलो. त्या माणसाच्या हिशेबात टिमो दोन, मी शून्य. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पास छान देतोस." पास! मग टिमोच्या आईवडिलांशी वीस मिनिटं उभा राहून बोलला.

व्हिडिओ? आमच्याकडे व्हिडिओ म्हणजे कामिलच्या आईचा मोबाइल, आणि सातव्या मिनिटाला ती चहाच्या रांगेत होती.

ड्रेसिंग रूममध्ये मी सगळ्यांसमोर विचारलं, "लागली होती का रे तुझ्या स्टिकला?" टिमोनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. म्हणाला, "लागली." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. डोळा! चोरी केली ती केली, वर मलाच डोळा मारतो हरामखोर! कामिलनं धरलं नसतं तर तिथेच तोंड फोडलं असतं त्याचं.

बाबांना विचारलं, तुम्हीही बघितलंत ना, लागली होती का? म्हणाले, "मी तिरक्या बाजूला बसतो, मारोश. कॅप्टननं सांगितलं, रेफरीनं मानलं. मी काय करणार, समोर येईल ते वाचायचं." खरंय. त्यांचा काय दोष. त्यांना तर जास्त वाईट वाटलं असणार, आपल्याच तोंडानं वाचावं लागलं. बटाट्याच्या हालुश्की केल्या होत्या, वर दुप्पट ब्रिन्झा चीज. मी दोन घास खाल्ले. ताट उचलताना डोक्यावर हात ठेवला त्यांनी. बोलले काही नाहीत. बाबा गप्प, म्हणजे बघा!

१२ डिसेंबर, मंगळवार

सरावाला मुद्दाम उशिरा गेलो. टिमो पार्किंगमध्ये थांबलेला. "मारोश, दोन मिनिटं. तू खरंच चिडलायस की..."

की काय? की नाटक करतोय? मी म्हटलं, "माझ्याशी बोलायचं नाही. पुन्हा बोललास तर तुझे दात मोजून हातात देईन."

म्हणाला, "अरे पण मला वाटलं तुला हेच—" मी दार आपटलं.

घरी येऊन फोनवर ब्लॉक केला त्याला. सगळीकडून. दहा वर्षांचे फोटो होते, तेही उडवले. मग एक परत आणला. कामिलही आहे त्यात, म्हणून.

१४ डिसेंबर, गुरुवार

बाबा म्हणाले, "मी बोलू का त्याच्याशी? तुम्ही पोरं डोक्यात राख घालून घेता." मी म्हटलं, बोला, मला काही फरक पडत नाही. पडतो. संध्याकाळी जाऊन आले. मी दारातच — काय म्हणाला?

"काही धड बोलत नाही," म्हणाले. "सोडून दे आता. काही माणसं अशी असतात."

मला वाटलं होतं निदान बाबांसमोर तरी लाज वाटेल. ज्या माणसानं त्याला सायकल शिकवली, त्याचे वडील शिफ्टवर असायचे तेव्हा त्याला आमच्या गाडीतून सगळ्या मॅचना नेलं, त्या माणसासमोरही माफी नाही. मी पलंगावर पडून रडलो. इथे लिहितो, बाकी कोणाला कळायची गरज नाही.

२० डिसेंबर, बुधवार

त्रेन्चिननं टिमोला घेतलं. सात जानेवारीला जाणार. कोच स्रोका म्हणाले, "अभिनंदन करा." टाळ्या वाजल्या. चार जणांच्या. मी ठेवून दिले होते हात मांडीखाली.

आता सगळ्या संघाला माहीत आहे. मीच सांगितलं. एकेकाला. खोटं काही सांगितलं नाही, जे घडलं तेच. कामिल म्हणाला, "जाऊ दे ना, दोन आठवड्यांत निघून जाईल." मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूनं आहेस ते ठरव. ठरवलं त्यानं. आता टिमोच्या शेजारची जागा रिकामी असते बाकावर. त्याचे स्केट्स धार लावायला कोणी नेत नाही. "गोल कोणाचा?" असं कोणीतरी मागून म्हणतं आणि सगळे मिळून, "कॅप्टनचा!" परवा तर सरावात कामिलनं केलेला गोल सगळ्यांनी ओरडून टिमोला देऊन टाकला. कोच स्रोकांना कळेना की आम्ही एवढे का हसतोय.

टिमो हसत नव्हता. त्याला हसू कसं येईल!

बरं वाटलं का मला? वाटलं. सांगतो खरं ते.

२४ डिसेंबर, रविवार

बाबांनी सगळं एकट्यानं केलं — कापुस्तनित्सा म्हणजे आंबट कोबीचं सूप, मासा, बटाट्याचं सॅलड. मध-लसूण लावलेल्या पापड्या. टेबलावर तीन ताटं, दोन आमची आणि एक दारी येईल त्याचं. आई ऑस्ट्रियात, लिन्त्सला, म्हाताऱ्या लोकांची सेवा करायला गेली ती तिकडचीच झाली. फोन आला तिचा. "काय म्हणतोय माझा हॉकीवाला?" मी म्हटलं, पास छान देतो. तिला विनोद कळला नाही.

दरवर्षी टिमो या संध्याकाळी शुभेच्छांची कविता म्हणायला यायचा. चारच ओळी, अकरा वर्षांत एकदाही न चुकता म्हटल्या नाहीत. आज बेल वाजली. मला कळलं कोण ते. उठलो नाही. बाबा गेले, दार मागे ओढून घेतलं, बराच वेळ जिन्यात बोलण्याचा आवाज. परत आले तर कान थंडीनं लाल.

"टिमो होता. परत पाठवला. सणाच्या दिवशी तुला त्रास नको."

मला एवढं वाटलं, जगात एक तरी माणूस पूर्णपणे माझ्या बाजूनं आहे. बाबांच्या ताटात माझ्यातला माशाचा मोठा तुकडा वाढला. त्यांनी परत माझ्या ताटात टाकला.

६ जानेवारी, शनिवार

टिमोची शेवटची मॅच. आमच्याकडे संघ सोडून जाणारा शेवटी एकटा बर्फावर थांबतो, बाकीचे निळ्या रेघेवर रांगेत उभे राहतात आणि स्टिका बर्फावर आपटतात. पीटर गेला तेव्हा आपटल्या, तो लांब नाकाचा गोलकीपर गेला तेव्हाही आपटल्या, त्याला तर कोणी विचारतही नव्हतं.

आज रांग लागली. टिमो मधे गेला. हेल्मेट काढलं. मी स्टिक आडवी धरली, दोन्ही हातांत. माझ्या शेजारी कामिलनं धरली. मग सगळ्यांनी. एकही आपटली नाही.

टिमोची आई प्रेक्षकांत उभी होती, हातात फोन धरून, शूटिंग करत. तो हात हळूहळू खाली आला.

मग बाबांचा आवाज. "टिमोतेय गाय्दोश. दहा वर्षं आपल्या संघात. आपण त्याचे..." आणि थांबले. "आपण त्याचे आभारी आहोत." आवाज फाटला होता. मला रागच आला. एवढं गोड कशाला बोलायचं? आभारी कसले! गाडीत विचारलं तर म्हणाले, "पोर आहे रे तो." मी म्हटलं, मीही पोरच आहे.

टिमो जाताना माझ्यासमोर थांबला होता. डोळे लाल. म्हणाला, "मला कळत नाहीये तुला नक्की काय पाहिजे." मी म्हटलं, "माझा गोल."

७ जानेवारी, रविवार

गेला.

१३ जानेवारी, शनिवार

माझ्या छातीवर 'क' शिवला. कॅप्टनचा. मीच मतं मागितली आणि मिळाली. मधे आता धाकट्या गटातला एक पोरगा खेळतो, चकती मिळाली की डोळे मिटतो. हरलो, एक-पाच.

गोल झाला की मी मान वळवतो. सवय आहे. डावीकडून वळलो की मधे कोण असेल हे बघावंच लागत नव्हतं कधी.

२७ जानेवारी, शनिवार

कामिलनं बातमी आणली — टिमोला तिकडे बसवून ठेवलंय, चार मॅचमध्ये एकदाही उतरवलं नाही. "बरं झालं," मी म्हटलं. कामिल म्हणाला, "खरंच बरं वाटतंय तुला?" मी म्हटलं, हो! मग तो बराच वेळ स्टिकची टेप सोडत बसला. म्हणाला, "मला नाही वाटत रे." गाढव. याला मी सगळं समजावून सांगितलं होतं.

पण तो दोन गोलवाला म्हणून गेला आणि एक गोलवाला निघाला, तर ओरडणारच ना तिकडचे. मी गेलो असतो तर मला बसवलं नसतं. हे रोज डोक्यात फिरतं. बसमध्ये, शाळेत, आंघोळ करताना. ती खुर्ची माझी होती. त्या खोलीतला तो पलंग माझा होता. मी तिथे असायला हवा होतो आणि मी इथे आहे, कारण एका माणसानं तोंड वर करून खोटं सांगितलं. तोही कोणी परका नाही. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

थांबा थांबा थांबा. त्रेन्चिनचा माणूस परत येतोय!

कोच स्रोकांनी बाजूला घेतलं. दोन मार्चच्या मॅचला. पुढच्या हंगामासाठी त्यांना डावा फॉरवर्ड हवाय. "तुझं नाव टिमोनं दिलंय म्हणे," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग म्हणाले, "पण मारोश, घरी नीट विचार करून सांग. त्यांचा वेळ वाया नको जायला." मी म्हटलं, विचार कसला! आजच बॅग भरतो! त्यांनी जरा चमकून बघितलं माझ्याकडे.

टिमोनं नाव दिलं. आता पाप धुवायला निघाला. धू म्हणावं. मला काय, मी जाणार!

पळत घरी आलो, बाबांना सांगितलं. मला वाटलं उडी मारतील. इस्त्री करत होते. "पुन्हा तेच?" म्हणाले. मग शाळेचं काढलं, मातुरिताच्या परीक्षेपर्यंत इथेच थांबलास तर काय बिघडतं, तिकडे काय पोरांची फौज आहे, टिमोला बघ कसा बसवून ठेवलाय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही माझ्या बाजूनं आहात ना? "म्हणजे काय!" म्हणाले. शर्टाची तीच बाही पुन्हा पुन्हा फिरवत होते.

काळजी वाटते त्यांना. साहजिक आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

हात दुखतोय, अक्षर वाकडं येतंय.

टिमो शनिवार-रविवारसाठी घरी आलाय. मी नदीवर एकटाच चकती मारत होतो, तर काठावरून उतरला. स्केट्स नाहीत, साधे बूट. घसरत घसरत आला माझ्यापर्यंत. मी म्हटलं, नाव दिलंस म्हणून आभार मानेन असं वाटलं का? म्हणाला, "नाही. पण या वेळी तरी मला सरळ सांग. जायचंय की नाही जायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या वेळेसारखं नको. तुला जायचं नव्हतं तर मला सांगायचंस ना, काकांकडून कशाला सांगायला लावलंस? आणि मग वर मलाच चोर ठरवलंस सगळ्यांसमोर. मी आधी समजलो की तू पोरांसमोर नाटक करतोयस, घाबरलास हे कळू नये म्हणून. म्हणून गप्प बसलो. नंतर कळेनाच मला काही."

मला ऐकूच येईना नीट. म्हटलं, पुन्हा बोल.

बोलला. विश्रांतीत बाबांनी त्याला काचेशी बोलावलं. म्हणाले, मारोशला जायचं नाहीये, मला काल रडून सांगितलं त्यानं, पण कोचना आणि तुला तोंडानं सांगवत नाही. तो गोल तू तुझ्या नावावर घे, म्हणजे ते तुला नेतील आणि त्याची सुटका होईल. पण त्याला मी सांगितलं असं कळू देऊ नकोस, मान जाईल त्याची.

"मला ते शिबिर आठवलं," टिमो म्हणाला. "म्हटलं, खरं असेल. आणि मलाही जायचं होतं, तेही खोटं नाही सांगत. मग मी तीनदा आलो तुझ्याकडे. नाताळातही आलो. काका म्हणाले, तो तुझं तोंड बघायला तयार नाही, आणि शब्द दिलायस तो पाळ."

मी मारलं त्याला. हातमोजा काढून. तोंडावर. बर्फावर पडला, तसाच बसून राहिला, ओठातून रक्त. मी ओरडत होतो, माझ्या बाबांबद्दल बोलायचं नाही, माझ्या बाबांबद्दल एक शब्द बोलायचा नाही! एक गोल चोरलास, आता बापही चोरतोस का माझा!

त्यानं उलट मारलं नाही. एवढंच म्हणाला, "मग विचार ना त्यांना."

खोटारडा. शेवटपर्यंत खोटारडा. बाबा असं करणार नाहीत. घरी आलो तर त्यांनी सूप गरम करून ठेवलं होतं. हाताला काय झालं, विचारलं. पडलो म्हटलं. बर्फ फडक्यात बांधून दिला. विचारलं नाही मी काही. कशाला विचारू? वेड्यासारखं काहीही कोणी सांगायचं आणि मी बापाला विचारायचं?

उद्या विचारतो. हसतील ते. मग मी टिमोच्या थोबाडाची दुसरी बाजू फोडायला मोकळा.

२५ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. हसले नाहीत.

म्हणाले, "तुझी आई गेली. तूही गेलास तर मी घरी येऊन बोलू कोणाशी, मारोश?"